गंगाखेडला जाणाऱ्या कॅसेटी

“ऊसतोड्यांना कॉम्प्युटर, तोही टेपरेकॉर्डरवर!” विभागप्रमुख दिनकरराव चारठाणकर तपासणीला आलेल्या व्यंकटरावांकडे बघून हसले. “साहेब, परभणीत आता एवढंच बघायचं राहिलं होतं.”

तंत्रनिकेतनातली अकरा पोरं दिवाळीनंतर घरच्यांबरोबर गंगाखेडकडे ऊस तोडायला जात. हजेरी बुडायची, वर्ष जायचं. म्हणून आसाराम या तात्पुरत्या मास्तरानं अठ्ठ्याऐंशी साली एक अभ्यासक्रम आखला. वर्गात मागं टेप ठेवून चालू तासांच्या कॅसेटी भरायच्या आणि एस.टी.नं पोरांच्या खोपटांवर पाठवायच्या. व्यंकटरावांनी आज नाही म्हटलं, की अकराही जणांचं शिक्षण संपलं.

दिनकररावांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पुण्यात दोन वर्षं काय काढली, तेव्हापासून त्यांना इथल्या माणसांच्या बोलण्याचीच शिसारी येई. चारठाण्याला, गावाकडं राहणारी सख्खी आईही त्यातून सुटली नव्हती.

व्यंकटरावांनी पेटीतली हाताला लागली ती कॅसेट लावली. खरखरीतून चिरका आवाज आला. “संगणकास स्मृती असते. लिहा. पुढं लिहा. ए मागच्या, काय करायलायस? डोस्कं हाय का न्हाई?”

दिनकररावांनी कपाळावर हात मारला. “याला शिकवणं म्हणतात? ना उदाहरण, ना आकृती. नुसतं लिहा, लिहा! आणि ही भाषा! कुठून धरून आणलंत हे ध्यान?”

“इथलेच हायेत, सर,” आसाराम खाली बघत म्हणाला. “लय वर्षं शिकवायलेत.”

“मला लाज वाटते.”

लॅब झाडणाऱ्या कमलबाईंनी तोंडाला पदर लावला. शरमली बिचारी, असं दिनकररावांना वाटलं.

व्यंकटरावांनी एकदा टेपकडे, एकदा दिनकररावांकडे बघितलं. मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. “मत लेखी द्या. तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.”

दिनकररावांनी झोकात लिहिलं, ‘सदर इसम अडाणी असून त्यास पुन्हा वर्गात उभे करू नये.’ खाली लफ्फेदार सही ठोकली.

“मान्य,” व्यंकटराव म्हणाले. “पोरांची सोय चांगली आहे, दोष शिकवणाऱ्याचा. अभ्यासक्रम चालू राहील. या गृहस्थांचे तास मात्र आजपासून बंद.”

“नाव तरी कळू द्या त्या महाभागाचं,” दिनकरराव खुशीत म्हणाले.

व्यंकटरावांनी कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली. चिठ्ठीवर आसारामच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रा. दिनकरराव चारठाणकर, सोमवारचा तास.’