शेकडा ऐंशी

कातकरी वाडीतल्या बकुळाचा सुजलेला तळवा पाहून मालिनीबाई तडक हेडमास्तरांकडे गेल्या. "तुमची छडी नेमकी याच मुलांवर का पडते?"

"पुरावा आहे?" दामले हेडमास्तर सगळ्या शिक्षकांदेखत हसले.

बाई वर्गावर परतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला शेकडेवारी शिकवायला घेतली आणि महिनाभर मुलांकडून वहीत रोजच्या नोंदी करून घेतल्या.

बदलापूरच्या त्या शाळेत तपासणीला डिप्टीसाहेब आले, तेव्हा हेडमास्तरांनी ऐटीत स्वतःच्या पुतणीलाच उभं केलं.

"सुनंदा, शेकडेवारीचं एक उदाहरण सांग."

सुनंदाने घडाघडा सांगितलं, "शाळेत मुलं दीडशे. त्यांत कातकरी तीस, म्हणजे शेकडा वीस. महिन्यात छड्या बसल्या दोनशे. त्यांतल्या कातकऱ्यांना एकशेसाठ, म्हणजे शेकडा ऐंशी."

"मारल्या कोणी?" साहेबांनी विचारलं.

"काकांनी."

"साफ खोटं आहे हे!" हेडमास्तर ओरडले.

मालिनीबाई महिनाभरात पहिल्यांदा हसल्या. त्यांनी खडू हेडमास्तरांच्या हातात ठेवला. "मग साहेबांसमोर फळ्यावर ताळा करून दाखवा, गुरुजी."