घर बघायला आलेली मुलगी

“मेंढरं कवाच इकली,” बिराप्पा पाहुण्यांना म्हणाला, आणि तेही छाती काढून. “आता ह्या अंगणात एक लेंडी घावली तर दाखवा मला.”

पाहुणे म्हणजे लोणंदकडचा अर्जुना आणि त्याची मुलगी राणी. रीतीप्रमाणे मुलाचं घर बघायला बापानं यायचं असतं. पण घर मीच बघणार म्हणून राणी हटून बसली आणि टेंपोत बापाशेजारी बसून आटपाडीच्या या माळावर आली. बिराप्पाला ते फारसं रुचलं नव्हतं. पण आता रुचण्या न रुचण्याचं काय घेऊन बसलात! त्याच्या रविराजची तिशी उलटली होती. पोरगा माधवनगरला गोडाऊनवर कामाला, निर्व्यसनी, दिसायला बरा. तरी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न यायचा, मेंढरं आहेत का? आहेत म्हटलं की पाहुणे चहा संपवून चपला घालायचे. धनगराच्या पोराला धनगरसुद्धा मुलगी देईनात. कुणाची लेक दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोयनेच्या अंगाला हिंडणार, बागाईतदारांच्या शिव्या खाणार आणि उघड्या रानात बाळंत होणार?

त्यात माळावर कालव्याचं पाणी आलं. सगळ्यांना आनंद झाला, बिराप्पालाही झाला. मग डाळिंबाच्या बागांना तारा लागल्या आणि मेंढरांना पाय ठेवायला रान उरलं नाही. शेवटी त्यानं व्यापारी बोलावला. दारात गाडी लागली, कळप गेला. मेंढरं बसायची तिथं त्यानं चकचकीत फरशी घालून घेतली. आज त्याच फरशीवर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या.

बिराप्पाची बायको बयाबाई दाराशी भिंतीला टेकून बसली होती. ती थकली होती. एक झोप काढून जाणारा थकवा नव्हता तो. लग्नात बापानं तिला एक काळी मेंढी दिली होती, कपाळाला भंडारा लावून. धनगरांत लेकीला दिलेली अशी मेंढी लेकीची असते, तिची पिल्लंही लेकीचीच. जमीन, घर सगळं पुरुषांच्या नावावर. बाईच्या नावाचं म्हणाल तर एवढंच. बिराप्पाच्या कळपात जेवढं काळं होतं, ते सगळं त्या एकीच्या पोटचं. दुष्काळात त्यातलंच एखादं विकून बयाबाईनं सासूचं औषध केलं, पोरांच्या शाळेचं बघितलं. गाडीत सगळ्यात शेवटी काळीच चढवली. तेव्हाही ती काही बोलली नाही. खरं सांगायचं तर तिच्या पायांना बरं वाटलं होतं. फक्त सकाळी उठून जायचं कुठं, ते तिला कळेनासं झालं होतं.

“लय सुखात ऱ्हाशील पोरी,” बिराप्पा राणीला म्हणाला. “उनातानात हिंडणं न्हाई. तुला काय इचारायचं असंल तर इचार रविराजला.”

राणीनं रविराजकडे पाहिलंही नाही. ती दाराकडे वळली.

“मावशी, तुमच्या म्हायेरच्या मेंढ्या कुटं हाईत?”

बिराप्पा हसला. “त्या बी दिल्या की. तिच्याच मनानं दिल्या. व्हय न्हवं गं?”

बयाबाईनं लेकाकडं पाहिलं. तो मान खाली घालून फरशीवरची रेघ अंगठ्यानं पुसत होता. एक ‘व्हय’ म्हटलं की त्याचं लग्न जमत होतं. शब्द तिच्या ओठावर आलाही होता. पण समोरची पोर तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. तिला खोटं सांगून या घरात आणायचं बयाबाईच्या जिवावर आलं.

“मला कुणी इचारलं न्हाई, बाळ,” ती म्हणाली.

बिराप्पाचा चेहरा उतरला. रविराज उठून अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. अर्जुनानं कप खाली ठेवला आणि पटक्याचं टोक सारखं करत म्हणाला, “चल राणी. ऊन व्हईल.”

राणी जागची हलली नाही.

“आमचं दादा बी कळप इकायला निघाल्यात,” बापाकडं बोट करून ती बयाबाईला म्हणाली. “लोणंदला कंपनीत वॉचमन व्हनार. इकूंद्यात, कळप त्येंचा हाय. पर बारशाला आज्यानं मला एक मेंढी दिली हुती. तिच्या आता चार झाल्यात. त्या मी इकू देणार न्हाई. अर्धलीनं ठिवतासा का? निम्मी पिल्लं तुमची, निम्मी माझी.”

“ठिवू की!” बिराप्पा एकदम पुढं सरसावला. “जागा काय, लय जागा हाय! फरशी उकलून टाकू. आन लग्नाचं—”

“त्ये मागनं बघू,” राणी म्हणाली. “आन मेंढ्यांचं मी मावशींना इचारतीया. तुमास्नी न्हाई.”

बिराप्पा परत खुर्चीत बसला. टाकीपाशी रविराजनं मान वर केली. पहिल्यांदाच त्यानं त्या मुलीकडं नीट पाहिलं.

बयाबाईला आपले दुखरे गुडघे आठवले. बाभळीचे काटे आठवले, बागेच्या तारेशी उभं राहून ऐकलेल्या शिव्या आठवल्या. ते सगळं तिला पुन्हा नको होतं. अगदी मनापासून नको होतं.

मग तिनं पदर सारखा केला आणि थोडं पुढं सरकून विचारलं, “त्यात एखादी काळी हाय का गं?”