थांबाकाकांचं फाटक

संत्र्याचा देठ कात्रीत कट झाला आणि थांबाकाकांनी आधी फाटकाकडे पाहिलं. फाटक बंद होतं. सकाळी त्यांनीच आतून साखळी लावली होती, आयुष्यात पहिल्यांदा. हिरवं फळ क्रेटमध्ये ठेवताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. तीही स्वतःच्याच बागेत.

त्यांचं खरं नाव आता कुणाच्या लक्षात नव्हतं. "थांबा, फळ गोड होऊ द्या, सगळे मिळून तोडू," असं ते इतकी वर्षं सांगत आले होते की तेच नाव पडलं. इथली रीत उलटी होती. व्यापाऱ्याचा ट्रक वळणावर लागला की पहिला पोहोचेल त्याला बरा भाव, मागच्यांना उरलंसुरलं. म्हणून शेजाऱ्याच्या आधी तोडायचं आणि कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. एकाचा ट्रॅक्टर निघालेला दिसला की बाकीचे कात्र्या घेऊन पळत सुटायचे. दर हंगामात तोडणी अलीकडे सरकत गेली. शहरात राहणारी मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आपल्याकडची संत्री म्हटलं की दुकानदार 'आंबट नकोत' म्हणून हात जोडतो." भाव का पडला ते सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या एकट्याने काय होणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

काका दर रविवारी अंगणात खुर्च्या मांडायचे. बैठकीला यायची फक्त बायको, तीही चहा घेऊन. ती गेल्यापासून खुर्च्या मांडायला तेच आणि उचलायलाही तेच. गेल्या रविवारी मात्र चक्क पाच-सहाजण आले. चहा प्यायले, जमिनीकडे बघत बसले. उठताना शेजारीण तेवढी म्हणाली, "बघू, काका." इथे 'बघू' म्हणजे 'नाही', हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. काकांनी कप विसळून पालथे घातले. घर इतकं शांत होतं की कपाचा आवाजही त्यांना मोठा वाटला. बायको असती तर निदान "तुमचं बरोबर आहे हो," असं खोटं तरी म्हणाली असती.

आज सकाळीच ट्रक वळणावर लागला होता. अशा दिवशी आजूबाजूच्या बागांत शिड्यांचा खडखडाट असायचा, हाकांचा गोंगाट असायचा. आज चिटपाखरू नव्हतं. म्हणजे सगळ्यांनी गुपचूप कालच उरकलं. काकांचा धीर सुटला. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला त्यांनी साधं कळवलंसुद्धा नाही. मग आपणच का फळ सडू द्यायचं? त्यांनी फाटकाला साखळी घातली आणि कात्री काढली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुपारी एक ट्रॅक्टर आला आणि फाटकाबाहेर थांबला. काका झाडामागे उकिडवे बसले. हा आवाज शेजारणीच्या ट्रॅक्टरचा. टोमणा मारायला आली असेल. त्यांनी श्वास रोखून धरला. थोड्या वेळाने ट्रॅक्टर वळला आणि आल्या वाटेने परत गेला.

दिवस कलताना काकांनी आपल्या ट्रॉलीवर ताडपत्री ओढली, ट्रॅक्टर जोडला आणि वळण गाठलं. ट्रक रिकामा होता. चालक फळीवर बसून जांभया देत होता.

"सकाळपासून उभा आहे," तो म्हणाला. "एक क्रेट चढला नाही. ज्याला फोन करावा तो एकच म्हणतो, थांबा."

काकांना आधी वाटलं, हा आपली थट्टा करतोय. मग त्यांनी ट्रकमध्ये वाकून पाहिलं. एक पानही पडलेलं नव्हतं.

चालक उडी मारून उतरला. "बरं झालं तुम्ही आलात. तुमचा माल चढू दे, मग बघा बाकीचे कसे धावत सुटतात."

ते खरंच होतं. एक क्रेट चढला की संपलं. जन्मभर मागितलेली गोष्ट आज मिळाली होती आणि तिच्यावर पाणी ओतायला ते स्वतः ट्रॉली भरून आले होते.

ट्रॅक्टरचा आवाज ऐकून शेजारीण पायीच आली होती. तिने कुणाला न विचारता ताडपत्रीचा कोपरा उचलला. पाहिलं. काका मान वर करू शकले नाहीत.

"मी..." त्यांनी सुरुवात केली.

शेजारणीने एक संत्रं काढलं आणि चालकापुढे धरलं. "आमच्या काकांनी नमुना आणलाय. खाऊन बघा, का थांबलोय ते कळेल."

चालकाने सोलून फोड तोंडात टाकली आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला. तो थुंकला, हसला, आणि मालकाला फोन लावत गाडीत चढला. ट्रक रिकामाच गेला.

परतताना शेजारीण काकांच्या ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसली होती.

"माझेही क्रेट गोठ्यात झाकून ठेवलेत, काका," ती म्हणाली. "दुपारी घेऊन निघाले होते. सकाळपासून जो तो पहिलं कोण फुटतं ते बघत थांबला होता. बाकीचे सगळे कुंपणाशी उभे राहून माझ्याकडेच बघत होते, मी गेले की तोडून निघायला. तुमचं फाटक बंद दिसलं. म्हटलं, म्हातारा आत एकटा दम धरून बसलाय आणि मी निघाले आंबट फळं विकायला. लाज वाटली. वळले. मला वळताना बघून त्यांनी कात्र्याच काढल्या नाहीत."

काकांनी ट्रॅक्टर थांबवला. "अगं, पण ते फाटक मी..."

"आता कळलं मला, का लावलं होतं ते," ती म्हणाली. "फळ गोड होईपर्यंत उघडू नका. चहाला मी मागच्या कुंपणातून येईन."