कोपरा नसलेली भिंत

पांढऱ्या पडद्यापुढे सगळी माणसं समान असतात, असं संघर्षचं तत्त्व होतं. फक्त चपला बाहेर काढाव्या लागत.

म्हणून त्याचे वडील बाबुराव परळच्या फोटो स्टुडिओत अनवाणी उभे होते आणि मुलाच्या तत्त्वाकडे संशयाने बघत होते. समोरची पांढरी भिंत खाली येता येता गोलाईत वळून जमीन झाली होती. भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. संघर्षच्या बापाला तर नाहीच.

"ह्याला कोपरा कुठाय?"

"नसतोच, बाबा. कोपरा आला की जागा दिसते. इथे फक्त माणूस दिसतो."

"माणसाला जागा लागते," बाबुराव म्हणाले, आणि पुढे सरकले.

त्यांची चाळ इथून दोन गल्ल्या सोडून होती. सहा वर्षांपूर्वी ती पाडली. तिथे मोठी इमारत होणार, तोवर पंचेचाळीस बिऱ्हाडं वडाळ्याला बिल्डरच्या तात्पुरत्या खोल्यांत राहणार, असं ठरलं. 'वडाळ्याची खोली राजीखुशीने सोडतो' असा कागद गेल्या वर्षात तीनदा आला आणि तीनदा परत गेला. कारण चाळीची एक रीत होती. गिरणी बंद पडली तेव्हा अर्ध्या चाळीने न वाचता सह्या केल्या होत्या. तेव्हापासून कुठलाही कागद बुद्धविहारात सगळ्यांपुढे मोठ्याने वाचल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचं नाही. वडाळ्याला विहार नव्हता, म्हणून जिन्याखाली वाचत. वाचायचे बाबुराव, स्वल्पविरामासकट.

आता बिल्डरच्या ऑफिसला एकाएकी प्रेम फुटलं होतं. जुन्या चाळीच्या आठवणींचं पुस्तक काढायचं होतं. प्रत्येकाने जुन्या घरातली एक वस्तू घेऊन फोटोला यायचं. काम संघर्षला मिळालं. ऑफिसच्या नूपुर मॅडम म्हणाल्या की चाळीतलाच माणूस असला की लोकांना भरवसा वाटतो. पहिल्या दिवशी म्हातारी मंडळी येईनात, तेव्हा संघर्ष स्वतः वडाळ्याला जाऊन दारोदार सांगून आला, "मी आहे ना."

मग सगळी आली. कुणी दुधाचं पातेलं आणलं, कुणी स्टोव्ह, कुणी फ्रेम केलेले बाबासाहेब. शेजारच्या दत्तारामने थेट गादीची वळकटीच खांद्यावर मारून आणली. बाबुरावांनी खिशातून खोली नंबर अकराची चावी काढली. खोली नव्हती, दार नव्हतं, कुलूप बायकोने, कमळाबाईंनी, भंगारात दिलं होतं. चावी होती.

नूपुर मॅडम फोटोच्या बाबतीत काटेकोर होत्या. पाय दिसले पाहिजेत. उजेड डावीकडूनच, खिडकीतून यावा तसा. आणि पायाशी सावली राहू द्या. संघर्षने आयुष्यभर सावल्या पुसण्याचे पैसे घेतले होते. त्याने कारण विचारलं.

"सावली असली की माणूस खरा वाटतो," त्या म्हणाल्या. संघर्षला ते पटलं. कुणी कामाची कदर करणारं भेटलं, असंही वाटलं.

त्याने डावीकडे एकच मोठा लाइट लावला, उजवीकडचा, उजेड परतवून सावली मारणारा थर्माकोल काढून टाकला आणि सावली मऊ करून करून अशी बसवली की तिच्यावर हात फिरवावासा वाटावा.

"काका, चावी जरा वर. एक पाऊल पुढे. हं, आता हसा," नूपुर मॅडम म्हणाल्या.

बाबुराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला. "सही कुठे करायची ते आधी दाखवा. वाचल्याशिवाय करणार नाही."

"काका, सही नकोच आहे."

"कसलीच?"

"कसलीच नाही. फक्त स्माईल."

कागदाशी लढायच्या तयारीने आलेल्या माणसाला कागदच मिळाला नाही. ते थोडे खट्टू झाले, आणि मग मनापासून हसले. संघर्षने तेवढ्यात बटण दाबलं. वडिलांचा इतका चांगला फोटो त्याने कधी काढला नव्हता.

घरी गेल्यावर बाबुरावांनी कमळाबाईंना दोनदा सांगितलं की दिवसभर फोटो काढले, पण एक टिंबसुद्धा लिहून दिलं नाही.

तीन आठवड्यांनी वडाळ्याला जाड पाकीट आलं. रिवाजाप्रमाणे सगळे जिन्याखाली जमले. बाबुरावांनी मोठ्याने वाचलं.

"सोबतच्या छायाचित्रांवरून दिसते त्याप्रमाणे, सर्व पंचेचाळीस कुटुंबे सामानसुमानासह नवीन घरात राहावयास गेली असल्याने, स्वल्पविराम, वडाळा येथील खोल्या पंधरा दिवसांत रिकाम्या कराव्यात. पूर्णविराम."

सोबत फोटो होते. दत्ताराम वळकटी घेऊन हॉलमध्ये शिरत होता. पातेलं ओट्याजवळ पोचलं होतं. बाबुराव सातव्या मजल्यावर, सातशे चार नंबरच्या दारात उभे होते. चपला बाहेर काढून, हातात चावी घेऊन, मनापासून हसत. डावीकडच्या खिडकीतून ऊन येत होतं.

सगळे संघर्षकडे बघत होते. संघर्ष सावलीकडे बघत होता. लादीवर ती जिथे पडायला हवी तिथेच पडली होती. केसाचाही फरक नव्हता.

बाबुरावांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"खिडकी बरी आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघर्ष परळला गेला. चाळीच्या जागेसमोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढून त्याने बांधकामाच्या निळ्या पत्र्यांच्या पलीकडे पाहिलं आणि मजले मोजले. मग पुन्हा एकदा मोजले.

चार होते.