ठाण्यात पडून राहिलेली रायफल

"निवडणूक होऊन दोन महिने झाले, अभिमन नाना. सगळ्यांनी निवडणुकीआधी जमा केलेल्या आपापल्या बंदुका नेल्या. तुमचीच रायफल ठाण्यात पडून आहे," हवालदार म्हणाला.

"राहू द्या, साहेब."

"खराब निघाली का?"

"नही, चांगली शे. परवाना मिळाला तेव्हा धुळं-जळगावची सगळी दुकानं पालथी घालून घेतली. दुकानदार म्हणाला, स्वस्त आहे, पण हिचा गोळी चढवायचा बोल्ट कधी अडकणार नाही. खरंच अडकला नाही."

"मग न्या की. मक्यात रानडुकरं माजलीयत."

नानांनी सहीचं रजिस्टर मागे सरकवलं.

"त्या पहाटे अडकायला हवा होता. मक्यात काळं हललं, मी चाप ओढला. डुक्कर केव्हाच पळालं होतं, साहेब. त्याला हाकलून आमचा कुत्रा माझ्याकडे परत येत होता."