पहिली प्रत

"पहिली प्रत मारोतीले द्याची. त्याच्याआधी कोणी वाचाची नाई," असं आमचे हे सांगायचे. चामोर्शीत त्यांचं साप्ताहिक एकतीस वर्षं निघालं, आणि दर शनिवारी ती प्रत देवळात नेण्याचं वचन मी पाळलं. मग हे गेले, छपाईची मशीन भंगारात गेली. घरात मी एकटी उरले; तेवढा नेम सुटला.

आज शनिवारी जप करताना छापखान्याच्या रिकाम्या खोलीत मशीन एकदाच वाजली.

शेजारची रीता धावत आली. "काकू, आत कोण हाय?"

फरशीवर एकच अंक पडला होता. शाई ओली होती.

रीता वाकली. "तारीख आजचीच हाय," म्हणाली, आणि खालची बातमी पाहून मागे सरली. "काकू, तुमचीच बातमी हाय. वाचा तरी."

"देवाच्या आधी नाई, बाई."

अंक पदराखाली झाकून मी देवळाकडे निघाले.