हरकतदाराची निशाणी

मुलुंडचं गायरान सरकार एका तेलकंपनीला भाडेपट्ट्यानं देणार होतं. मी मोजणीदार. दुपारी आंब्याखाली बसून पंचनामा लिहिला आणि रीतसर विचारलं, "कुणाची हरकत?"

"जमीन सरकारची, साहेब. हरकत कोण घेणार?" पंचांतला गुणाजी हसला. चारही पंच निळ्या शाईचे अंगठे उठवून घरी गेले. वारा पडला होता. माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा हरकतीच्या रकान्यात पाचवा अंगठा होता. काळा, ओला, रॉकेलच्या वासाचा. बोट लावलं, तर कोमट.

शेजारी सकाळी काढलेला इथल्या टेकडीचा नकाशा होता. त्यातल्या चढाच्या रेषा आणि अंगठ्याच्या रेषा, वळणं तीच.

मी घाईनं त्यावर टिपकागद दाबला. अंगठा उठवून झाल्यावर कुणी हात मागे घ्यावा, तशी माझ्याखालची जमीन हळूच सरली.